मांडवांतील सात दिवस

शास्त्रपाठ : लेवीय २३:३९-४३, अनुवाद १६:१३-१५, मार्क ९:२-२९

मांडव म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर लग्न उभें राहतें. वैशाखांत अंगणांत चार मेढी रोवाव्या, वर आंब्याजांभळीचे टाहळे घालावे, सोयऱ्यांनीं दोन दिवस त्याखालीं बसावें, आणि वरात निघून गेली कीं मांडव सोडावा. मांडवांत कोणी कायमचें राहत नाहीं, व त्यास कोणी कुलूपही लावीत नाहीं. प्रिय बंधुभगिनींनो, एवढें ध्यानांत ठेवून आपण पहिला शास्त्रपाठ उघडूं.

इस्राएल लोक चाळीस वर्षें अरण्यांत राहिले. मग देवानें त्यांस बांधलेलीं घरें दिलीं, खणलेल्या विहिरी दिल्या, लावलेले द्राक्षमळे दिले. आतां अरण्य विसरून जावें असेंच कोणासही वाटलें असतें. परंतु देवाची आज्ञा उलट होती. वर्षांतून एकदां, पीक घरांत आल्यावर, प्रत्येकानें आपलें घर सोडावें आणि झाडांच्या फांद्यांचा मांडव घालून सात दिवस त्यांत राहावें. कां, तर आपल्या वाडवडिलांस मिसर देशांतून कोणीं बाहेर आणिलें व उघड्या रानांत कोणीं सांभाळिलें हें पुढच्या पिढ्यांस कळावें. ह्या सणाचें कारण मुलांच्या नांवानें सांगितलें आहे, हें विशेष होय. पुढें यरुशलेमेचा कोट नहेम्यानें पुन्हां उभारिला तेव्हां शास्त्र वाचतां वाचतां लोकांस आढळलें कीं यहोशवाच्या दिवसांपासून हा सण आपण असा पाळिलाच नाहीं. मग ते डोंगरावर गेले, फांद्या आणिल्या, धाब्यांवर व चौकांत मांडव घातले, आणि त्या वर्षीं फार मोठा आनंद झाला. कोट बांधून झाला होता, पण लोकांचें मन तेथें बसलें तें मांडवांत.

हल्लीं ज्यास आपण उन्हाळी शिबीर म्हणतों त्याचें मूळ आम्हांस येथें दिसतें. तसें पाहतां, मुलांस तंबूंत नेण्याची आजची पद्धत अमेरिकेंतून आली असें पुष्कळ जण सांगतात, व तें खोटें नाहीं. १८८५ सालीं न्यूयॉर्क प्रांतांत समनर डडली नांवाच्या गृहस्थानें ख्रिस्ती तरुण संघाच्या सात मुलांस एका तळ्याकांठीं नेऊन तंबूंत ठेविलें. त्या कामाचें रोपटें अजून वाढत आहे. आपल्या मुंबईंत हा संघ १८७५ पासून काम करीत आला आहे. पण डडलीसाहेबांच्या पुष्कळ आधीं मोशेनें ही गोष्ट लिहून ठेविली, आणि सात मुलांकरितां नव्हे, सगळ्या राष्ट्राकरितां.

तर मे महिना आला, शाळा बंद झाल्या, म्हणजे ठाणें, कल्याण, डोंबिवली ह्या शहरांतील तरुण पाठीवर पिशव्या टाकून निघतात. कल्याणास लोहमार्गाचे दोन फांटे होतात. एक कर्जताकडे व दुसरा कसाऱ्याकडे जातो. कसाऱ्याच्या फांट्यानें आसनगांवाकडे वळलें कीं शहापूर तालुक्याचीं रानें लागतात आणि माहुलीचा उंच किल्ला आभाळास टेकलेला दिसतो. कल्याणाहून सडकेनें निघालें तर मुरबाडामार्गें माळशेज घाटाची वाट धरितां येते. साग, ऐन, खैर व मोह यांचें हें रान आहे. मे महिन्यांत सागाची सावली उरत नाहीं, पळसाचीं फुलें केव्हांच गळून गेलेलीं असतात, पण करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनीं लगडलेल्या असतात. आणि महिना सरतां सरतां, पहिल्या वळवानंतर, एखाद्या झाडावर काजव्यांचा असा लखलखाट होतो कीं शहरांतलें मूल तोंड उघडें टाकून उभें राहतें.

येथें आमचा एखादा खेड्यांतील उपदेशक बंधु विचारील, आणि योग्यच विचारील, कीं आम्ही तर रानांतच राहतों. आमच्या पोरांस रान दाखवावयास पुन्हां रानांत कशास न्यावें? बंधो, तुझा प्रश्न खरा आहे. ज्याची झोपडीच पानांची त्यास पानांच्या मांडवाचें नवल नाहीं. पण सणाची आज्ञा रान पाहण्याची नव्हती. ती घर सोडण्याची होती. खेड्यांतील मुलासही घर आहे, व घराबरोबर त्याची जात सांगणारा शेजार आहे, त्याच्या बापाची कीर्ति किंवा अपकीर्ति आहे, त्याला लहानपणापासून चिकटलेलें नांव आहे. मांडवाखालीं तो व डोंबिवलीच्या बँकेंतील साहेबाचा मुलगा एकाच चटईवर निजतात आणि एकाच पातेल्यांतील आमटी खातात. चुलीचें लांकूड कोणतें धूर करितें व कोणतें करीत नाहीं, हें त्या साहेबाच्या मुलास खेड्यांतल्या मुलानेंच शिकवावयाचें असतें. असा गुरु होण्याची संधि त्या मुलास गांवीं कोण देतो?

आतां मांडवांत कोणीं यावें? अनुवादांतील उताऱ्यांत यादीच दिली आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, पोरकें मूल, विधवा. यादींतील दुसरें नांव मुलीचें आहे. तरीही आमच्या मंडळ्यांतून शिबिरास जाणाऱ्यांत मुलगे पुष्कळ व मुली बोटांवर मोजण्याइतक्या असतात. आईबापांस भीति वाटते, आणि ती भीति हंसण्यासारखी नाहीं. ज्या शिबिरांत मुलींची निजण्याची जागा वेगळी व सुरक्षित नाहीं, ज्यांत वडील व जाणत्या बायका रात्रंदिवस बरोबर नाहींत, तेथें मुलगी पाठवूं नये, असें आम्हीही सांगूं. पण अशी व्यवस्था असूनही केवळ लोक काय म्हणतील ह्या धाकानें जी मुलगी घरीं राहते तिचें नांव यादींतून आपण खोडिलें आहे, देवानें नव्हे. शेवटचीं दोन नांवेंही पाहा. पोरक्याचे व विधवेच्या मुलाचे शिबिराचे पैसे कोणीं भरावे हा प्रश्न मंडळीच्या पंचांपुढें दर एप्रिलांत यावा. तो आला नाहीं तर त्या घरीं जाऊन विचारण्याचें काम उपदेशकाचें आहे, कारण विधवा आपण होऊन मागणार नाहीं.

मांडवांत पोंचल्यावर पहिलें काम मोबाईल गोळा करण्याचें असतें. पूर्वीच्या पिढीस हें कळणार नाहीं. हल्लींच्या मुलाच्या हातांतून तें यंत्र काढून घेतलें म्हणजे पहिला दिवस तो कांहींतरी हरवल्यासारखा खिसे चांचपीत हिंडतो. दुसऱ्या रात्रीं त्यास रातकिडे ऐकूं येऊं लागतात. आणि तिसऱ्या दिवशीं तो शेजाऱ्याशीं बोलतो. होरेब डोंगराकडे पळत गेलेल्या एलीयाची गोष्ट येथें आठवावी. तो थकला होता, मरण मागत होता. देवानें त्यास प्रथम उपदेश केला नाहीं. त्यास झोंप दिली, उठवून भाकर व पाणी दिलें, पुन्हां निजविलें, पुन्हां खाऊं घातलें. मंद वाणी त्यानंतर कितीतरी दिवसांनीं आली. हें आम्ही शिबीर चालविणाऱ्यांस मुद्दाम सांगतों. पहांटे पांचपासून रात्रीं अकरापर्यंत घंटेमागून घंटा ठेवून वेळापत्रक भरून काढिलें म्हणजे काम पुष्कळ झालें असें त्यांस वाटतें. पण वर्षभर परीक्षा, शिकवण्या आणि गाडीची गर्दी सोसून आलेलें मूल तेथें एलीयासारखें थकून येतें. त्यास झाडाखालीं निजूं द्या. देवदूताचें काम कांहीं वेळ आचारीही करितो.

पाण्याचा प्रश्न मात्र लहान नाहीं, आणि त्याविषयीं आम्ही थोडें सविस्तर लिहितों. शहापूर तालुक्यांत तानसा तलाव आहे. त्याचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. त्याच तालुक्यांत भातसा धरणही आहे. हीं दोन्हीं मुंबईची तहान भागवितात. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसतो, टँकराची वाट पाहावी लागते, बाया डोक्यावर हंडे घेऊन उन्हांत चालतात. वर्षानुवर्षें हें असेंच चाललें आहे. आतां डोंबिवलीचा मुलगा ह्या प्रदेशांत येतो आणि सवयीनें चार बादल्या अंगावर ओततो. मोशेच्या छावणींत मान्ना मापून मिळे. माणशीं एक ओमर. ज्यानें पुष्कळ गोळा केला त्याचें उरलें नाहीं आणि ज्यानें थोडा गोळा केला त्यास कमी पडलें नाहीं. ज्या शिबिरांत पाणी ओमराप्रमाणें मापून दिलें जातें, जेथें प्रत्येक मुलामुलीनें एकदां तरी पाड्यावरच्या बायांबरोबर विहिरीपर्यंत जाऊन हंडा डोक्यावर किंवा खांद्यावर आणिला आहे, तेथें निर्गमाचा सोळावा अध्याय शिकवावयास फार शब्द लागत नाहींत. अशी मुलगी घरीं जाऊन नळ सोडतांना क्षणभर थांबेल. जेवतांना प्रार्थना म्हणणें सोपें आहे; नळाजवळ ती सुचणें कठीण.

रान ओसाड आहे असें मानून तेथें जाणें ही दुसरी चूक. तेथें लोक राहतात, आणि आपल्या शहरांपेक्षां जुने राहतात. ठाकर, कातकरी, वारली ह्यांचे ते पाडे होत. कातकऱ्यांचें नांवच खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या त्यांच्या धंद्यावरून पडलें असें सांगतात. गणनेच्या दहाव्या अध्यायांत मोशे आपला मेहुणा होबाब ह्यास विनंति करितो. होबाब मिद्यानी, रानाचा माहितगार. तो प्रथम नाहीं म्हणतो. मोशे पुन्हां विनवितो कीं, आम्हांस सोडून जाऊं नको, रानांत तळ कोठें द्यावा हें तुला ठाऊक आहे, तूं आमचे डोळे हो. मेघस्तंभ पुढें चालत असतांही मोशेस होबाबाचे डोळे पाहिजे होते! देवाचें मार्गदर्शन आहे म्हणून माणसाच्या ज्ञानाची गरज नाहीं असें त्या थोर पुरुषास वाटलें नाहीं. तसेंच आपल्या तरुणांनीं करावें. कोणत्या ओढ्यांत डोह आहे, कोणतें फळ पोटास बाधतें, वाघर कोणत्या वाटेनें फिरतो, हें ठाकर म्हाताऱ्यास विचारावें, आणि विचारतांना मामा, बाबा, आजी असें आदरानें संबोधावें. त्यांच्या झोंपडीसमोर उभें राहून छायाचित्रें काढणें व मग त्यांस पत्रकें वांटणें, हा जो प्रकार कोठें कोठें घडतो, तो आम्हांस पसंत नाहीं. ज्याचे डोळे आपण उसने घेतले त्याचें घर प्रदर्शन नव्हे. त्याच्या वाटसरूपणाची मजुरी पुरती द्यावी. मोशेनें होबाबास आमचें जें भलें होईल त्यांत तुझा वांटा असें वचन दिलें होतें, फुकट चालविलें नव्हतें.

उंच जागेविषयीं एक शब्द. आपल्या प्रभूची अरण्यांत परीक्षा झाली तेव्हां सैतानानें त्यास मंदिराच्या शिखरावर उभें केलें व खालीं उडी टाक, देवदूत झेलतील, असें सुचविलें. ही परीक्षा फक्त प्रभूचीच होती असें आम्ही समजत होतों. पण हल्लीं किल्ल्याच्या कड्यावर एक पाय पुढें टाकून स्वतःचें चित्र काढणारे मुलगे पाहिले म्हणजे ती अजून चालू आहे असें दिसतें. पोहतां येत नसतां नदीच्या डोहांत उतरणें हीही तीच उडी. दर उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत ह्या जिल्ह्यांतील नद्यांत व धरणांत तरुण पोरें बुडतात. प्रार्थना करून निघालों आहों, आपणांस कांहीं होणार नाहीं, असें म्हणणारास प्रभूनें काय उत्तर दिलें तें मत्तयाच्या चौथ्या अध्यायांत आहे. पुढाऱ्यांनीं तें वाचून दाखवावें आणि त्याबरोबर दोरही जवळ ठेवावा.

आतां शेवटच्या रात्रीकडे येऊं. शेकोटी पेटते, गाणीं होतात, कोणी साक्ष देतो, कोणी रडतो. वक्ता विचारतो, आपलें जीवन प्रभूस कोण देतो? हात वर होतात. ते हात खोटे नसतात. त्या अंधारांत पुष्कळांस प्रथमच आपलें पाप दिसलें असतें, आणि आपणांवर कोणी प्रीति करितो हेंही प्रथमच कळलें असतें. पण दुसऱ्या दिवशीं अहवालांत अमुक इतके हात वर झाले असें लिहिलें जातें, तें वाचून आमचें मन खट्टू होतें. पेत्राचाही हात त्या डोंगरावर वर झाला असता. प्रभूचें रूप पालटलेलें पाहून तो म्हणाला कीं येथें राहणें बरें, आपण तीन मंडप करूं. मार्क लिहितो कीं काय बोलावें हें त्यास सुचत नव्हतें. पेत्राचा मंडप आणि लेवीयांतील मांडव ह्यांत अंतर एवढेंच कीं एकाचे दिवस देवानें मोजून दिले होते, दुसऱ्याचे मोजावयाचेच नव्हते. आणि खालीं, डोंगराच्या पायथ्याशीं, एक बाप आपल्या आजारी मुलास घेऊन उभा होता. शिष्यांस तें साधलें नव्हतें. पेत्र वर राहिला असता तर त्या बापास कोण भेटलें असतें?

मान्ना दुसऱ्या दिवसासाठीं ठेविला तर त्यांत किडे पडत. शेकोटीच्या रात्रीचा अनुभव पेटींत भरून घरीं नेणारांचें तसेंच होतें. पहिल्या पावसापर्यंत तो टिकतो, मग त्यास वास येऊं लागतो, आणि मुलगा स्वतःच म्हणूं लागतो कीं तें सगळें क्षणिक होतें. क्षणिक नव्हतें, पण तें त्या दिवसाचें अन्न होतें. दुसऱ्या दिवसाचें दुसऱ्या पहांटे वेंचावयाचें, ऊन तापण्यापूर्वीं. डोंबिवलीच्या मुलास ऊन फार लवकर तापतें. पहांटेची गाडी, फलाटावरची रेटारेटी, दारांत लोंबकळणें, आणि दोन खोल्यांत सहा माणसें. तेथें गुडघे टेकावयास जागा नाहीं. म्हणून त्यानें जागेची वाट पाहूं नये.

ह्या बाबतींत कल्याणाशीं ज्यांचा संबंध आहे अशा एका पुरुषाची गोष्ट सांगतों. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचें प्राथमिक शिक्षण कल्याणास झालें. आई वारल्यावर लहानपणींच त्यांनीं घर सोडिलें व ते नाशिकास गेले. पुढें ते पुष्कळ फिरले. रानावनाचे व फुलांमुलांचे ते कवि, ‘वनवासी फूल’ हें त्यांचेंच काव्य. सत्य शोधावयास एखादी गुहा त्यांस सहज मिळाली असती. पण त्यांस शुभवर्तमान कोठें भेटलें? नागपुराहून राजनांदगांवास जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांत. बरोबरच्या एका गोऱ्या प्रवाशानें त्यांच्याशीं सलोख्यानें गोष्टी केल्या, हातांत पवित्र शास्त्र दिलें, आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळक तें वाचूं लागले व डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर त्यांच्यानें पुस्तक खालीं ठेववेना. १८९५ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रभूनें प्रवचन डोंगरावर केलें. तें टिळकांच्या हातीं पडलें रेल्वेच्या डब्यांत. तो डबा अजून चालू आहे, बंधूंनो. त्यांत बसलेल्या अनोळखी प्रवाशाशीं सलोख्यानें बोलणारा कोणी पाहिजे आहे.

एलीयास मंद वाणी ऐकूं आल्यावर देवानें त्यास विचारिलें कीं तूं येथें काय करीत आहेस? आणि मग आल्या वाटेनें परत पाठविलें, तें रिकाम्या हातांनीं नव्हे. तीन माणसांस अभिषेक करण्याचें काम त्यास नेमून दिलें, आणि त्यांतला एक अलीशा त्याचा सोबती झाला. आमच्या मंडळ्या येथें चुकतात. मूल शिबिराहून आलें म्हणजे पाळकसाहेब उपासनेंत त्यास उभें करितात, चार शब्द बोलावयास लावितात, सर्व जण टाळ्या वाजवितात, आणि पुढच्या रविवारापासून त्याची जागा पुन्हां मागच्या बांकावर. काम नाहीं, सोबती नाहीं. मग मेच्या अखेरीस पेटलेलें तें मन जुलईंत थंड पडलें तर दोष त्या मुलाच्या चंचलपणास देतात!

आमच्या समाजांत लग्नानंतर मांडवपरतणें होतें. नवीं जोडपीं पुन्हां त्या घरीं येतात, जेवतात, आणि मग खऱ्या संसारास लागतात. शिबिराचेंही मांडवपरतणें जुलईच्या पहिल्या रविवारीं करावें, असें आम्ही सुचवितों. पाऊस पडत असेल, वाट चिखलाची असेल. तरी शहरांतील व खेड्यांतील मुलांनीं एका मंडळींत जमावें, पिठलेंभाकर खावी, आणि त्या दिवशीं पंचांनीं प्रत्येकास एक काम व एक सोबती द्यावा. एकीनें शब्बाथ शाळेचा लहान वर्ग घ्यावा. एकानें आंधळ्या म्हाताऱ्यास दर शनिवारीं शास्त्र वाचून दाखवावें. ज्यास हिशेब येतो त्यानें पाड्यावरच्या बायांस टँकराचा अर्ज लिहून द्यावा व तहशिलींत बरोबर जावें. ज्या उपदेशकाजवळ अशीं कामें तयार नाहींत त्यानें आजपासून वही घालावी. शिबिरास जाणाऱ्यांचीं नांवें एका बाजूस लिहावीं, आणि गांवांतील आजारी, एकटे व अडलेले ह्यांचीं दुसऱ्या बाजूस.